दोन बादल्या पाणी आणि नागदेवी स्ट्रीटवरचं दुकान

तुमची दगडखाण असेल, पावसाळ्यात सुरुंगाची भोकं पाण्यानं भरत असतील आणि दर ब्लास्टनंतर बेंचच्या, म्हणजे खाणीतल्या पायरीच्या, पायथ्याला टो, म्हणजे न फुटलेला दगड, तसाच उभा राहत असेल, तर जास्तीची सुरुंगाची दारू मागवण्याआधी नागदेवी स्ट्रीटवर एक चक्कर मारा. मस्जिद स्टेशनला उतरून चालत जाता येतं. तिथल्या एका जुन्या पाइप-पंपांच्या दुकानाबद्दल लिहितोय. गर्दी असते ती बोअरवेलवाल्यांची, प्लंबरांची, सोसायटीच्या टाक्या उपसणाऱ्यांची. खाणवाला क्वचितच दिसतो, आणि तेच मला खटकतं.

दुकानाचं नाव टाकत नाही, कारण शेठच नको म्हणाले. "नाव टाकलंत की लोक फोनवर भाव विचारत बसतात, घेत कुणी नाही." ज्यांना हवं त्यांनी मला विचारा, सांगेन. मी वणीकडच्या उघड्या कोळसा खाणीत ब्लास्टिंगमध्ये नोकरी केली, आता मुलुंडला असतो आणि ओळखीतल्या खाणवाल्यांना चार गोष्टी सांगतो. दुकानाकडून मला काही मिळत नाही. चहा पाजतात, तेवढंच.

या वेळी गेलो ते शिळफाट्याकडच्या एका खाणमालकाच्या मुलाला घेऊन. मुंबईत मान्सूनची सरासरी तारीख ११ जून, त्यामुळे मेच्या अखेरीस खरेदी उरकलेली बरी. पोरगा हुशार आहे, पण घाईचा. गाडीतच त्यानं ठरवून टाकलं होतं: पेट्रोलवर चालणारा सेल्फ-प्राइमिंग पंप घ्यायचा, बेंचवर ठेवायचा, पाइप भोकात सोडायचा, पाणी खेचायचं. मी मुद्दामच काही बोललो नाही. दुकान काय सांगतं ते बघायचं होतं.

काउंटरवर एक मामा असतात, साताऱ्याकडचे, चष्मा कपाळावर. पोरानं पंप मागितला. मामांनी पहिला प्रश्न भावाचा नाही केला. म्हणाले, "भाऊ, पाणी किती खाली आहे?"

"भोक अकरा मीटरचं. तळाला तीनेक मीटर पाणी."

"म्हणजे पाण्याची पातळीच आठ मीटरवर. उपसायला लागलात की आणखी खाली. हा पंप नाही चालायचा. वरून ओढणारा कुठलाच नाही चालायचा."

पोरगा म्हणाला, मोठ्या हॉर्सपॉवरचा द्या मग. मामा हसले. "हॉर्सपॉवरचा प्रश्न नाही. पंप पाणी ओढत नाही, हवा ढकलते त्याला वर."

अगदी बरोबर. वातावरणाचा दाब पाण्याचा साडेदहा मीटरच्या आतबाहेरचाच स्तंभ पेलतो, आणि पाइपातलं घर्षण, गळती, फूट व्हॉल्व्ह हे सगळं धरलं की प्रत्यक्षात सात-आठ मीटरच्या पुढे ओढीचा पंप हात टेकतो. हातातलं गिऱ्हाईक आणि एका पंपाची विक्री मामांनी सोडली. दुकानाला माझ्याकडून अर्धे गुण इथेच मिळाले.

मग बोअरवेलचा चार इंची सबमर्सिबल? तोही पोरानं विचारला. आमचं भोक ११५ मिलिमीटरचं, पंप १०० चा. बसतो, पण बाजूनं एक खडा निसटला की पंप तिथेच अडकतो, आणि भोकातलं पाणी म्हणजे निम्मा गाळ, त्यात इम्पेलर, म्हणजे पंपाचं आतलं फिरतं चाक, किती दिवस टिकणार? शिवाय विजेची केबल ब्लास्टच्या बेंचवर फिरवणं मला पटत नाही. मामांनी दाखवलं ते साधं: एक इंची एचडीपीई पाइपची गुंडाळी आणि कॉम्प्रेसरच्या होजला बसणारं क्लॉ कपलिंग. ड्रिलिंगसाठी कॉम्प्रेसर खाणीवर असतोच. पाइप तळापर्यंत सोडायचा, माणसं लांब करायची, हवा सोडायची. पाणी आणि गाळ दोन्ही फवाऱ्यानं बाहेर. दगडाचे तुकडेही उडतात, म्हणून भोकाच्या तोंडावर वाकून बघायचं नाही. आणि हे सगळं स्फोटकांची गाडी बेंचवर यायच्या आधी. कपलिंगबरोबर होजची साखळी मामांनी न मागता काढून ठेवली. जोड सुटला तर होज माणसाला झोडपते. त्या साखळीचे पैसे वाचवू नका.

आता मूळ मुद्दा, कारण पोरानं परतीच्या वाटेवर तोच विचारला: काका, एवढ्याशा पाण्यानं असा काय फरक पडतो?

हिशेब करा. ११५ मिलिमीटरच्या भोकात मीटरला साधारण साडेदहा लिटर पाणी मावतं. तीन मीटर म्हणजे एकतीस लिटर. दोन बादल्या. पण त्या दोन बादल्या बसतात कुठे, तर भोकाच्या अगदी तळाशी. दगड सगळ्यात जास्त जखडलेला असतो तोही तिथेच. वरचा दगड पुढे सरकायला मोकळा असतो. पायथ्याचा दगड खालून आणि मागून धरलेला असतो. दारूनं सगळ्यात जोरात काम करायचं ते तिथे, आणि नेमकी तिथेच ती भिजलेली असते किंवा पोहोचलेलीच नसते. मग टो राहतो, पोकलेनचे दात त्यावर घासतात, बेंचचा तळ उंच-सखल होतो, डंपरचे टायर फाटतात आणि पुढच्या वेळी ड्रिल मशीन नीट उभं राहत नाही. मोठे बोल्डर निघाले तर ब्रेकर लावा. हा खर्च खाणवाल्याच्या वहीत "डिझेल" म्हणून लिहिला जातो, "पाणी" म्हणून कोणी लिहीत नाही.

एएनएफओ, म्हणजे डिझेल चोळलेले अमोनियम नायट्रेटचे दाणे, स्वस्त आणि कोरड्या भोकात उत्तम. पाण्यात मात्र निकामी. अमोनियम नायट्रेट इतकं विरघळतं की शंभर ग्रॅम पाणी खोलीच्या तपमानाला त्याच्या दुपटीच्या आसपास नायट्रेट पोटात घेतं. वर त्याची घनता ०.८ ते ०.८५, म्हणजे पाण्यापेक्षा हलकं. ओतलेलं पाण्यात विरघळत राहतं. दहा टक्क्यांच्या आसपास पाणी शिरलं की ते उडण्याचा भरवसाच उरत नाही. अर्धवट उडालं तर नारिंगी-तपकिरी धूर येतो. तो नायट्रोजनच्या ऑक्साइडचा, विषारी. असा धूर दिसला की मी लोकांना वारा जिकडून येतो त्या बाजूला काढतो आणि भोकं ओली होती का, हे आधी बघतो.

इमल्शनची कांडी, म्हणजे लोण्यासारख्या घट्ट दारूची तयार कांडी, पाण्याला दाद देत नाही, हे खरं. पण खाणवाले इथेच निवांत होतात आणि फसतात. स्वच्छ पाण्यात कांडी बुडते, कारण तिची घनता १.१ ते १.२. भोकातलं पाणी गढूळ, चिखलाचं असेल तर फरक कमी होतो. कांडी रेंगाळते, मध्येच अडकते, वरच्या कांड्या तिच्यावर बसतात आणि खाली मोकळी जागा राहते. वरून मोजलं तर कांड्या पूर्ण, आत स्तंभ तुटलेला. खालचा तुकडा उडालाच नाही तर मिसफायर, आणि तो नंतर पोकलेनच्या बकेटखाली सापडतो. म्हणून प्रत्येक दोन-तीन कांड्यांनंतर टेप सोडून खोली बघायची. कंटाळवाणं आहे. करायचंच.

आणखी एक गोष्ट फारशी बोलली जात नाही. इमल्शनची संवेदनशीलता त्यातल्या बारीक बुडबुड्यांवर असते. ओल्या, भेगाळ दगडात शेजारचं भोक आधी उडालं की त्याचा दाब भेगांतल्या पाण्यामधून थेट पुढच्या भोकात येतो आणि तिथले बुडबुडे दाबून टाकतो. पुढच्या भोकाची वेळ येते तेव्हा दारू "मेलेली" असते. कोरड्या दगडात हाच धक्का वाटेत बराच जिरतो. त्यामुळे ओल्या बेंचवर भोकांमधलं अंतर आणि डिले, म्हणजे एकामागून एक भोक उडण्यातला वेळ, कोरड्या बेंचसारखेच ठेवून चालत नाही.

पाणी सगळ्या बाबतीत वाईटच असं मात्र नाही, हे मान्य करायला हवं. कांडी भोकापेक्षा बारीक असते, तिच्या आणि भोकाच्या भिंतीच्या मधे हवा असेल तर धक्का तिथे मंदावतो. पाणी असेल तर ते दबत नाही, धक्का सरळ भिंतीत जातो. ऐकायला छान वाटतं. पण त्यातून भोकाभोवती भुकटी जास्त होते, मागच्या भिंतीला तडे जातात आणि भिजलेल्या दगडातून कंपन लांबवर पोहोचतं. खाणीच्या बाजूला वस्ती असेल तर तक्रार पावसाळ्यातच का वाढते, याचं हे एक कारण. शेवटच्या भिंतीवर प्री-स्प्लिट करणाऱ्यांना, म्हणजे भिंत साफ राहावी म्हणून आधीच सरळ भेग पाडून घेणाऱ्यांना, तर मधली हवा हवीच असते. तिथे पाणी भरलं की सगळी मेहनत वाया.

आपल्याकडचा काळा दगड यात आणखी भर घालतो. दख्खनचा बेसाल्ट थरांनी बसलेला. दोन थरांच्या मधे कुठे कुठे तांबड्या मातीचा पट्टा लागतो आणि त्या सांध्यावरून पाणी झिरपत येतं. एकाच बेंचवर पुढची रांग कोरडी ठक्क आणि मागच्या रांगेत पाणी, असं होतं. सरसकट सगळ्या भोकांना एकच नियम लावणारा फोरमन मला नको असतो.

आता नळीकडे येतो, कारण दुकानात सगळ्यात जास्त वेळ तिथेच गेला. एएनएफओ कोरडं राहावं म्हणून भोकात अस्तरासारखी सोडायची पॉलिथिनची सलग नळी. हे दुकान ती पॅकिंगवाल्यांसाठी ठेवतं, रोलमध्ये, चपटी. माप चपट्या रुंदीचं, आणि इथेच बहुतेक जण चुकीचा माल घेऊन जातात. सात इंची चपटी नळी गोल केली की ११३ मिलिमीटर होते, म्हणजे आपल्या भोकाला जवळपास नेमकी. नेमकी नको. दारूचा दाब मग नळीला सोसावा लागतो आणि ती फाटते. थोडी मोठी हवी, म्हणजे ती भिंतीला टेकते आणि भार भिंत घेते. आठ इंची घेतली, गोल केल्यावर १२९. जाडी गेजमध्ये बोलतात, शंभर गेज म्हणजे पंचवीस मायक्रॉन. आम्ही पाचशे आणि आठशे गेज दोन्ही बघितले. विक्री किलोवर. आठ इंची पाचशे गेज किलोला एकवीस मीटरच्या आसपास भरते, आठशे गेज तेरा-साडेतेरा. घरी जाऊन वजन केलं, लांबी मोजली; माप चोख होतं. भाव मात्र दर आठवड्याला हलतो, त्यामुळे इथे लिहीत नाही.

पोरगा स्वस्त म्हणून पाचशे गेजकडे झुकला होता. मामांनी वाद घातला नाही. दोन्ही रोलमधून एकेक मीटर कापलं, खालच्या टोकाला गाठ मारली, दुकानाच्या पायरीवर उभे राहिले आणि दोन्हीत बादलीनं पाणी ओतायला लावलं. पाचशेच्या तुकड्याला घडीच्या कडेवर, बरोबर रेघेत, तीन बारीक धारा सुटल्या. आठशेचा कोरडा. समोरचा हातगाडीवाला "पाणी कुठं सांडताय" म्हणून ओरडला, मामांनी त्याच्याकडे बघितलंही नाही. "घडीवर मार बसतो. रोल ट्रकमध्ये आपटला की पहिली घडी जाते," एवढंच म्हणाले. नळी कुठूनही घ्या, ही चाचणी दुकानातच करा. बेंचवर कळलं तर उशीर झालेला असतो.

पण नळी घेतली म्हणजे काम झालं, असं समजू नका. पाण्यानं भरलेल्या भोकात रिकामी नळी सोडली तर पाणी तिला वर ढकलतं आणि चेपून बंद करतं. एएनएफओ हलकं, ते आत उतरतच नाही. क्रम असा: आधी हवेनं उपसा, मग तळाला मूठभर खडी घालून गाठ मारलेली नळी, मग लगेच दारू. आणि नळी सोडण्याआधी एक परीक्षा, जी मी वणीला शिकलो आणि अजून सोडलेली नाही. भोक उपसून पंधरा मिनिटं थांबायचं आणि पाणी किती चढलं ते बघायचं. जागचं राहिलं तर साचलेलं पाणी, नळी चालेल. अर्धा मीटर चढलं तर भोकात जिवंत झरा आहे; तिथे नळीचा हट्ट सोडून इमल्शनच्या कांड्याच वापरा, आणि भरलेलं भोक रात्रभर ठेवू नका. मोठ्या खाणीत हा प्रश्न पंप ट्रक सोडवतो. होज तळाला टेकवून इमल्शन खालून वर भरतात, पाणी आपोआप वर सरकून बाहेर पडतं. तरी होज घाईनं वर ओढली की मधे पाण्याचा कप्पा अडकतोच. मी हे कितीदा ओरडून सांगितलंय त्याला गणती नाही. छोट्या खाणीला ट्रक परवडत नाही, म्हणून तर ही नळी.

पाण्याची पातळी मोजायला मामांनी गवंड्याचा पितळी ओळंबा आणि गाठी मारलेली दोरी दिली. लोखंडी का नको, हे त्यांना सांगावं लागलं नाही. मस्जिद बंदरच्या माणसांना दारूगोळ्याचं भय असणारच; १४ एप्रिल १९४४ ला व्हिक्टोरिया डॉकमध्ये "फोर्ट स्टिकिन" जहाज उडालं ते इथून हाकेच्या अंतरावर, आणि शेठच्या घरात ती गोष्ट अजून सांगतात. स्फोटकं या दुकानात अर्थातच मिळत नाहीत. ती परवान्याच्या गाडीतूनच येतात. इलेक्ट्रिक डेटोनेटर १ एप्रिल २०२५ पासून बंद झाले, हे एक बरं झालं. ओल्या बेंचवर त्यांच्या उघड्या जोडांची काळजी वेगळी असायची.

एक वस्तू दुकानात घेऊ नका, कारण ती तुमच्या क्रशरवरच पडलेली आहे: स्टेमिंगची, म्हणजे दारूच्या वर भोकाचं तोंड बुजवायची, खडी. पाणी भरलेल्या भोकात ड्रिलचाच चुरा ओतणं म्हणजे पाण्यात पीठ कालवणं. तो धरून राहत नाही, वायू वरूनच फुंकून जातात, आवाज मोठा आणि दगड हवेत. ५०० मीटरचा टापू मोकळा केला आहे म्हणून हे चालवून घ्यायचं नसतं. भोकाच्या व्यासाच्या दहाव्या भागाएवढी टोकदार खडी, म्हणजे आपल्याला १० ते १२ मिलिमीटर, पाण्यात झटकन खाली बसते आणि एकमेकांत अडकते. खाणवाला खडी विकतो आणि स्वतःच्या भोकात चुरा भरतो, याला काय म्हणावं.

दुकानाच्या उण्या बाजूही आहेत. जीएसटीचं बिल मागितलं तर शेठ अर्धा तास लावतात, कारण संगणकावर भाचा बसतो आणि भाचा जेवायला गेलेला असतो. आठशे गेजचा माल कायम नसतो, दोन दिवस आधी सांगावं लागतं. डिलिव्हरी नाही; टेम्पो तुमचा, आणि गल्लीत टेम्पो उभा करायला सकाळी साडेदहाच्या आत पोहोचलात तरच जागा. जिना अरुंद, रोल वरच्या माळ्यावर, खाली आणायला एकच पोरगा. घासाघीस फारशी चालत नाही.

पाचपैकी चार. एक गुण त्या बिलासाठी कापला. रविवारी बंद. कापलेली नळी परत घेत नाहीत, कपलिंग मात्र मापात बसलं नाही तर आठवड्यात बदलून देतात. जाताना कॉम्प्रेसरच्या होजचा जुना तुकडा बरोबर न्या म्हणजे ती वेळच येणार नाही.